तीन नंबरच्या दारातली हाक

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आता बसलाय असंही नाही. नातीने मला या वेबसाइटवरचे पुष्कळ भुताचे अनुभव वाचून दाखवले. निम्मे मला थापा वाटले. पांढरी साडी, उलटी पावलं, आपोआप हलणारा झोपाळा... या लोकांना दुसरे उद्योग नाहीत का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, आजी, मग तुझा लिही. म्हणून लिहिते आहे. माझं शिक्षण चौथी. वहीत मी लिहिलं, कॉम्प्युटरवर तिने घातलं. शुद्धलेखन तिचं, बाकी सगळं माझं.

आमच्या माहेरी भूत चालत नसे. वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला आणि घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडून दिले. त्यानंतर घरात कुणी काही दिसलं, ऐकू आलं असं म्हणालं, की ते शांतपणे विचारायचे – कुठे? किती वाजता? बरोबर कोण होतं? बहुतेक भुतं तेवढ्यात संपायची. मीही तसंच सांगते.

ठिकाण म्हणजे पुण्याच्या वरच्या अंगाचं एक धरण. नाव लिहीत नाही, तिथे अजून माणसं नोकरीला आहेत. माझे मिस्टर तिथे दारांवर मजूर होते. धरणाच्या भिंतीत लोखंडी दरवाजे असतात, त्यातून पुराचं पाणी सोडतात. त्यांना तिथे नुसतं दार म्हणतात. एक नंबरचं दार, दोन नंबरचं दार. दारांच्या डोक्यावरून पूल जातो. आमची कॉलनी पुलाच्या डाव्या टोकाला, चालत पाच मिनिटांवर. काळ नव्वद सालानंतरचा. सदाशिव पेठेत गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि माझा मुलगा मिलिंद रोज बसने तिकडे शिकायला जायचा.

लोकांना वाटतं, पुरात धरणावर पाण्याची धास्ती असते. पाण्याचं काही नाही, पाणी दारातून निघून जातं. खरा त्रास लाकडाचा. डोंगरातून पुराबरोबर ओंडके येतात, बांबू येतात, मुळासकट उपटलेली झाडं येतात. पूर्वी थोडी यायची. मग पुण्यातल्या लोकांच्या हातात पैसा आला, वर डोंगरात फार्महाऊसचे प्लॉट पडायला लागले. तिथे झाडं तोडायची आणि ओढ्याच्या काठाला तशीच टाकून द्यायची. पाऊस आला की ती सगळी आमच्या दारात. 

झाड बुंध्याकडून दारात शिरलं तर सरळ निघून जातं. शेंड्याकडून आलं तर फांद्या छत्रीसारख्या उघडतात आणि ते दारात आडवं बसतं. मग दार खाली येत नाही, वर जात नाही, आणि मागून येणारं लाकूड त्याच्यावर साठत जातं. खाली पुणं आहे. दार अडकलं की पाणी किती सोडायचं ते माणसाच्या हातात राहत नाही, आणि नदीकाठच्या वस्त्यांमध्ये लोक राहतात. म्हणून पुरात माणसं पुलावर उभी राहून लांब बांबूच्या आकडीने येणारं झाड फिरवायची. बुंधा पुढे, शेंडा मागे. यात आमच्या मिस्टरांचा हात धरणारा कुणी नव्हता. लांबून येणारं झाड बघून ते सांगायचे, याचा बुंधा डाव्या बाजूला आहे, पाण्यात बुडालाय म्हणून दिसत नाही. तो तिथेच असायचा.

आता नावाचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

मी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. वडिलांनी देव सोडले, नवस सोडले, पण बायकांनी नवऱ्याचं नाव घेऊ नये हे काही सुटलं नाही. मला कुणी बंदी केली नव्हती. तोंडातच यायचं नाही. लग्नात उखाणा घ्या म्हणून सगळ्या मागे लागल्या, तर मला येत नाही म्हणून बसून राहिले. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की कार्ड पुढे करायची. यांना हाक मारायची ती 'अहो'. कॉलनीतल्या सगळ्याच बायकांचे नवरे 'अहो' होते.

यांचं नाव कागदावर आनंद. पण ते शाळेत घालताना सासऱ्यांनी ठेवलेलं. जन्मल्यावरचं नाव दगडू. यांच्या आधीची दोन मुलं गेली होती. तिसऱ्याचं नाव दगडू ठेवलं की मरण त्याला उचलत नाही, अशी तेव्हा समजूत. धम्म घेतल्यावर सासऱ्यांनी ते नाव घरात बंद करून टाकलं. सासू मात्र सासरे घरात नसले की हळूच "ए दगडू" म्हणायची. तिच्यानंतर तेही संपलं. धरणावर हे नाव कुणालाही माहीत नव्हतं. यांनी सांगितलं नाही, त्यांना त्याची लाज वाटायची. माहीत होतं ते मला एकटीला.

तो दिवस ऑगस्टमधला. यांना पुलावर दुसरा दिवस होता, घरी आलेच नव्हते. मी दुपारी चारला किटलीत चहा घेऊन गेले. पाऊस थांबला होता, चांगला उजेड होता. पुलाच्या तोंडाशी साखळी लावलेली, तिच्यापुढे बायकांनी जायचं नाही असा नियम. मी साखळीपाशी उभी राहिले. तिथून मला पुलावरची माणसं दिसत होती आणि धरणातलं पाणीही दूरपर्यंत दिसत होतं. 

तीन नंबरच्या दारात एक थोरलं आंब्याचं झाड आडवं बसलं होतं. आकडीने ते हलेना. साहेबांनी ठरवलं की झाडाला दोर बांधून ट्रकने बाजूला ओढायचं. दोर बांधायला कुणीतरी दोन दारांमधल्या खांबावरच्या लोखंडी शिडीने खाली उतरायला हवं होतं. हे उतरले. कंबरेला दुसरा दोर, त्याचं टोक वर मुकादमांच्या हातात. पुलावर मुकादम धरून चौघे होते. साहेब पलीकडच्या टोकाला ट्रकपाशी गेलेले.

यांनी झाडाला दोर बांधला. मी बघितलं, दोन वेढे घेतले, ओढून पाहिला आणि हात वर केला. काम झालं होतं. फक्त वर यायचं राहिलं होतं.

तेवढ्यात मला दुसरं लाकूड दिसलं. पाण्यातून एक जाडजूड ओंडका शिडीच्या रोखाने येत होता. पुलावरचे चौघे सरळ खाली यांच्याकडे बघत होते, त्यांना तो दिसत नव्हता. मी हाक मारली. जेवढा आवाज आहे तेवढा काढून मारली – "अहो!"

चौघांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात किटली. चहाची वेळ. मुकादमांनी हात दाखवला, थांबा म्हणून. मी परत ओरडले, "अहो! अहो!" आणि बोट दाखवलं. एक जण हसला. त्याला वाटलं, चहा निवतोय म्हणून बाई चिडली. खाली यांनी मान वर केली नाही. तिथे पाण्याचा असा आवाज असतो की शेजारच्याने बोललेलं कळत नाही. आणि कळलं असतं तरी 'अहो' म्हणजे कोण? त्या पुलावर पाच 'अहो' होते.

नाव घेतलं असतं तर, हे मला लोकांनी सांगायची गरज नाही. ते माझं मला त्याच क्षणी कळलं होतं. तोंड उघडून मी तशीच उभी होते. नाव जिभेपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. पुढचं मी बघितलं ते असं. यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, पुलाकडेही नाही. खाली, दाराच्या बाजूला, जिथे पाणी आत ओढलं जातं तिकडे. तोंड हललं. काहीतरी बोलले. मग एका हाताने कंबरेचा दोर सोडला – सावकाश, घरी आल्यावर माणूस पट्टा काढतो तसा – आणि शिडीवरून पाय काढला.

दोन श्वास गेले असतील. मग ओंडका येऊन शिडीवर आदळला. शिडीच्या खालच्या चार पायऱ्या चेपून खांबाला चिकटल्या. हे तिथे असते तर तिथेच गेले असते.

मी किटली खाली ठेवली. सांडली नाही, हे मला आठवतं. 

पुलावर धावाधाव झाली. मुकादम दोराचं रिकामं टोक हातात घेऊन उभे होते. तुटलेला नव्हता. गाठ सुटलेली होती. सगळे इकडेतिकडे पळाले, पण करण्यासारखं कुणाच्याच हातात काही नव्हतं. दार बंद करावं तर झाड अडकलेलं. मी साखळी ओलांडली, मला कुणी अडवलं नाही. चौघांतला तो हसणारा माझ्याजवळ आला. तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं, काहीतरी सांगेल. तर त्याने विचारलं,

"वहिनी, दगडू कोण?"

मी म्हटलं, "काय?"

"तुम्ही हाक मारलीत ना. दगडू, ए दगडू, अशी. म्हणून आनंदराव आलो आलो म्हणाले. कुणाला बोलावत होतात?"

चौघांनी ऐकलं होतं. चौघांनी माझ्या आवाजात ऐकलं होतं. एवढ्या पाण्याच्या आवाजात स्वच्छ. आणि यांनी उत्तर दिलं ते मुकादमांनी वरून ऐकलं, "आलो, आलो." मी एकटीने यातलं काही ऐकलं नाही. मला पाण्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

हे तिसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याजवळ मिळाले. दाराखालून गेलेलं लाकूडसुद्धा सोलून निघतं, साल राहत नाही. यांच्या अंगावर खरचटल्याची खूण नव्हती. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, नक्की दारातूनच गेले का? चौघांनी बघितलंय असं मी सांगितलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

ते आंब्याचं झाड दुसऱ्या दिवशी ट्रकने ओढून काढलं. यांनी त्याला बांधलेला दोर सुटला नाही. झाड तोडून कॉलनीत वाटलं, माझाही वाटा आला. मी तो जाळला. लाकूड ते लाकूड.

पंधरा दिवसांनी साहेब रिपोर्ट घेऊन घरी आले. चौथीपर्यंतचं शिक्षण तो वाचण्यापुरतं होतं. पत्नीने मोठ्याने हाक मारल्यामुळे कर्मचाऱ्याचे लक्ष विचलित होऊन तोल गेला, असं लिहिलं होतं. मी म्हटलं, मी 'अहो' म्हणाले. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाई, चौघांची जबानी एक आहे. आणि ते नाव तुमच्याशिवाय कुणाला माहीत होतं, तुम्हीच सांगा."

माहीत नव्हतंच कुणाला. मी सही केली.

कॉलनीत तोंडावर कुणी बोललं नाही. नळावर बायका बोलायच्या. एकदा मी मागे आहे हे न बघता एक जण म्हणाली, "जन्मात कधी नाव घेतलं नाही, आणि घेतलं ते असं." मी हंडा भरला आणि घरी आले. भांडून काय करायचं? मी 'अहो' म्हणाले, याला साक्षीदार मीच.

पण खरं लागलं ते मिलिंदचं. तो त्या दिवशी क्लासला होता, संध्याकाळच्या बसने आला तेव्हा त्याला कॉलनीच्या फाटकातच कळलं. वर्षभर त्याने काही विचारलं नाही. मग एकदा जेवताना म्हणाला, "आई, धक्का बसला की माणूस काय बोलतो ते त्याला आठवत नाही. असं असतं. तू हाक मारली असलीस तरी तुझा दोष नाही. मी तसं कधी धरलेलं नाही."

चांगल्या मनाने बोलला. म्हणजे वर्षभर तो हेच धरून होता की मी मारली. आणि त्याने मला माफ केलं होतं. मला माफी नको होती. मी म्हटलं, "मी मारली नाही." तो म्हणाला, "बरं."

पुढे त्याला कंपनीत नोकरी लागली, हिंजवडीच्या बाजूला फ्लॅट झाला, लग्न झालं, मी त्यांच्याकडे आले. घरात हा विषय नाही. मी स्वतःही पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. समजा मी ओरडले आणि मला आठवत नाही. माणसाचं डोकं आहे, होऊ शकतं. पण मग 'ए' कुठून आला? जन्मात मी यांना 'ए' म्हटलेलं नाही. 'ए दगडू' म्हणायची ती सासू. तिला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आणि तिचा आवाज घोगरा, माझा बारीक. चौघांनी बारीक ऐकला.

मुकादम मागच्या दिवाळीनंतर फ्लॅटवर आले. त्यांच्या मुलाने गाडीतून सोडलं, तो खालीच थांबला. मुकादम खूप थकले आहेत. बसले, इकडचं तिकडचं बोलले. वर आता फार्महाऊसच फार्महाऊस झालीत, लाकूड येतच असतं, म्हणाले. घरात आम्ही दोघंच होतो. मग म्हणाले,

"वहिनी, एक काम होतं. त्या नावाने एकदा हाक मारून दाखवा."

"कशाला?"

"मला एकदा ऐकायचंय. तुमच्यासाठी नाही, माझ्या जिवासाठी."

मला राग आला. उठून जा म्हणणार होते. पण त्यांचे हात बघितले, ज्या हातांत तो दोर होता. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, नुसती हवा आली. दुसऱ्यांदा म्हटलं. "दगडू... ए दगडू."

सत्तर ओलांडल्यावर मी नवऱ्याचं नाव पहिल्यांदा घेतलं, ते असं.

मुकादमांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "आवाज हाच."

मी म्हटलं, "झालं? मिळालं समाधान?"

"हाच आवाज, वहिनी. पण तुमच्याकडून आला नव्हता. तुम्ही डाव्या हाताला होतात. हा खालून आला. दारातून, पाण्यातून. मी दोर धरून उभा होतो, माझ्या पायाखालून आला. म्हणून तर आनंदरावांनी तिकडे बघितलं."

मी विचारलं, हे तेव्हा का नाही सांगितलं? ते म्हणाले, पाण्यातून हाक आली असं मुकादमाने सांगितलं असतं, तर दोर धरणारा माणूस प्यायलेला होता असं लिहिलं असतं. नोकरीची दोन वर्षं राहिली होती. बाकीच्या तिघांना त्यांनीच समजावलं. नाहीतरी आवाज तर वहिनींचाच होता, त्यात खोटं काय, असं.

मी त्यांना पाणी दिलं आणि आता या म्हटलं. शिव्या द्यायला हव्या होत्या. सुचल्या नाहीत. ते लिफ्टपर्यंत गेले आणि तिथून हात जोडले. मी दार लावून घेतलं. 

संध्याकाळी मिलिंदला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "आई, धरणाची भिंत एवढी मोठी. आवाज आदळून परत येतो. तू डावीकडून मारलेली हाक त्यांना खालून आल्यासारखी वाटली असणार."

मी म्हटलं, "अहो म्हटल्यावर दगडू परत येतं, अशी भिंत असते का रे?"

त्याने लॅपटॉप उघडला होता, त्यात बघत राहिला. तरी यावेळी 'बरं' म्हणाला नाही.

आता इथे लोक खाली लिहितील – आत्मा होता, जलदेवता होती, सासूने बोलावून नेलं, पूजा घाला. घालणार नाही. कुणी म्हणेल त्या हाकेने मारलं, कुणी म्हणेल चेपून मरण्यापासून वाचवलं. तेही मला सांगता येत नाही. दोन्हीकडून माणूस गेलाच. वडील असते तर विचारलं असतं, कुठे, किती वाजता, बरोबर कोण होतं. तिन्हींची उत्तरं वर दिली आहेत आणि तरी काही संपलेलं नाही.

इतकी वर्षं मी एकच म्हणत आले, मी हाक मारली नाही, मी हाक मारली नाही. मुकादम येऊन गेल्यापासून वाटतं, मारली असती तर बरं झालं असतं. निदान कुणी मारली ते कळलं असतं.